एक ऐकायला, एक फुटायला

गाण्याची कुठलीही वस्तू मी दोन घेते. कॅसेटी होत्या तेव्हा कॅसेटी दोन, सीडी आल्या तेव्हा सीडी दोन, आणि आता तव्यांची, म्हणजे जुन्या काळ्या रेकॉर्डची, फॅशन परत आली आहे तर तवेही दोन. कुरियरवाला चपटा खोका घेऊन येतो आणि दर खेपेला फाटकातूनच ओरडतो, "मॅडम, फिर से डबल आ गया, एक रिटर्न कर दूँ?" मी त्याला दर खेपेला सांगते की चूक नाही, डबलच मागवलं आहे. बँडचे टी-शर्टसुद्धा दोन. साठीला टेकलेली बाई काळा टी-शर्ट घालून भाजी आणायला जाते म्हणून कॉलनीत माझी टिंगल होते. होऊ दे. नवऱ्याची भाची एकदा सुट्टीत आली होती, तिनं कपाट उघडून विचारलं, "मामी, हे दोन-दोन काहून घेऊन राहिली तू? एक देऊन टाक ना मला." मी म्हटलं, एक ऐकायला, एक फुटायला. ती हसली. तिला वाटलं, मामी गंमत करते आहे. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघतं की मलाही कधी कधी ती गंमत वाटते. पण त्याचं मूळ जबलपूरच्या रांझीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये, आईच्या गव्हाच्या कोठीपाशी आहे, आणि तिथे गमतीचं फारसं काही नव्हतं.

आमचे बाबा तोफेचे गोळे तपासायचे. जबलपुरात यात काही विशेष नाही. आमच्या भागात सकाळी भोंगा झाला की अर्ध्या घरांतून सायकली बाहेर पडत, आणि त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या फॅक्टरीकडेच जात. बाबांचं काम असं होतं की गोळ्याच्या अंगावर छोट्या पितळी हातोडीनं टिचकी मारायची, दुसऱ्या हाताचा तळवा त्याला लावून ठेवायचा, आणि आत कुठे चीर आहे की नाही ते ओळखायचं. चीर नसली तर पास, असली तर रिजेक्ट. वर नमुन्याचे गोळे रेंजवर, म्हणजे चाचणीच्या मैदानावर, उडवून बघायचे, तेव्हाही ते हजर असत. त्या धडाक्यांनी त्यांचा डावा कान माझ्या जन्माआधीच गेला होता. उजव्यानं ऐकू यायचं, पण दोन्ही कानांत मिळून एक रातकिडा कायम ओरडत असे, असं ते म्हणायचे. घरी आल्यावर त्या रातकिड्यात आणखी कुठला आवाज मिसळलेला त्यांना चालत नसे. रेंजवर बार उडाला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या, फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागायची, आणि घरातली माणसं मात्र चिडीचूप. आईनं भांड्यांच्या मधे जुन्या लुगड्याचे तुकडे घातले होते. ती फोडणीसुद्धा झाकण ठेवून द्यायची. मोहरी आतल्या आत तडतडायची आणि आई झाकणावर हात दाबून, श्वास धरून उभी राहायची. माझ्या सासरी मी पहिल्यांदा फोडणीचा मोकळा आवाज ऐकला तेव्हा दचकून मागे सरकले होते.

बाबा मारायचे. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, पण वाक्य दोनच शब्दांचं आहे. मारण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवत, कारण ते घड्याळ त्यांना कामाबद्दल बक्षीस मिळालेलं होतं आणि त्याची काच फुटलेली त्यांना खपली नसती. घड्याळ निघालं की आई स्टो बंद करी. मग उघड्या पंजानं, शिक्का मारावा तसा एकेक फटका. भाजी अळणी झाली तरी रिजेक्ट, माझे गणिताचे मार्क रिजेक्ट, आईच्या माहेरचं पत्र रिजेक्ट. शेजारच्या तिवारी काकी आईला विचारायच्या, "भैयाजी को इतना गुस्सा क्यों आता है, दीदी?" आणि आई म्हणायची, "कान का तकलीफ है." जणू कानात औषध घातलं असतं तर हात खाली आला असता.

अशा घरात गाणं शिरलं ते आईच्या भजनाच्या पोटातून. सदर बाजारात डेनिस अंकल म्हणून एक गृहस्थ होते. छावणीतल्या फौजी लोकांमुळे त्यांच्याकडे सगळ्या तऱ्हेची इंग्रजी गाणी यायची. ते ओरिजिनल कॅसेटीही विकत आणि कॅसेट भरूनही देत, म्हणजे आपण गाण्यांची यादी द्यायची आणि त्यांनी आपल्या संग्रहातून ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. आईनं मला भजनं भरून आणायला पाठवलं. कोरी कॅसेट संपली होती म्हणून अंकलनी एक जुनीच वापरली. घरी भजनांपुरता एक टेप होता, त्यावर मी ती लावली, बाबा कामावर होते, आई गहू निवडत होती. शेवटचं भजन संपलं, टाळ थांबले, मी बटण दाबायला उठले, आणि खालचं जुनं गाणं उघडं पडलं. असेल अर्ध्या-एक मिनिटाचं. गिटारी, ढोल, आणि एक माणूस घसा फाडून ओरडत होता. आई दचकली, मी दचकले नाही. आयुष्यभर ज्या धडाक्यानं आमच्या काचा थरथरत होत्या तोच धडाका कुणीतरी तालात बसवला होता. तो कधी येणार ते आधी कळत होतं आणि तो गालावर पडत नव्हता. मी कॅसेट मागे फिरवून तेवढाच तुकडा पुन्हा लावला. आई म्हणाली, "सुमन, हे काय होय वं?" आणि मग खिडकीकडे बघून, "आवाज कमी कर, खिडकी उघडी हाय."

त्या बँडचं नाव मी लिहीत नाही. माहीत असणाऱ्याला सांगायची गरज नाही आणि नसणाऱ्याला सांगून उपयोग नाही. मी आणि डेनिस अंकल त्यांना नुसतं "वो चार" म्हणत असू. शिकवण्या करून मी पहिली ओरिजिनल कॅसेट घेतली, आणि ती महिनाभरसुद्धा जगली नाही. बाबा एका दुपारी लवकर परतले. मी टेपला कान लावून बसले होते, दार वाजलेलं कळलं नाही. त्यांनी घड्याळ काढलं, कॅसेट काढली, फरशीवर ठेवली आणि बुटाच्या टाचेखाली घेतली. मग आतली पट्टी ओढत ओढत अंगणात नेली आणि पेरूच्या झाडावर टाकून दिली. मला दोनच चपराका बसल्या, पण एक थेट कानावर. दोन दिवस माझ्याही कानात रातकिडा ओरडत होता. बापाकडून मला मिळालेली तेवढीच इस्टेट. पेरूवरची पट्टी महिनाभर वाऱ्यावर चमकत होती, आणि आईनं तिला हात लावला नाही की मीही लावला नाही.

दुसऱ्यांदा मी सदरला गेले तेव्हा अंकलना म्हटलं, "एक ओरिजिनल दीजिए, और वही एक कॅसेट में भर दीजिए." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दो क्यों, बेटा?" मी म्हटलं, "एक सुनने के लिए, एक टूटने के लिए." माझ्या गालावर अजून पिवळा-निळा डाग होता. त्यांनी तो पाहिला आणि कोऱ्या कॅसेटचं वेष्टण फाडायला घेतलं. तेव्हापासून ती माझी पद्धतच झाली. भरलेली कॅसेट मी टेपच्या शेजारी दिसेल अशी ठेवायची, ओरिजिनल लपवायची. पुढे पुढे तर मी भरून घेण्याचाही खर्च सोडला. स्वस्तातली कोरी कॅसेट घ्यायची, वर निळ्या शाईनं गाण्यांची नावं लिहायची, ठेवून द्यायची. बाबा दोन-तीन आठवड्यांनी एकदा ती शोधून काढत, टाचेखाली घेत आणि समाधानानं हात धूत. मी रडायचे. खोटं रडण्यात मी तरबेज झाले होते. देशाच्या तोफगोळ्यातली केसाएवढी चीर ओळखणारा माणूस माझ्या कोऱ्या कॅसेटी फोडत होता, आणि मला ते फार आवडत होतं. फक्त चपराक मात्र दर वेळी खरी असायची. तिची नक्कल करता येत नव्हती.

खऱ्या कॅसेटी गव्हाच्या कोठीत होत्या. कोठी म्हणजे पत्र्याचं कमरेएवढं पिंप, वर कडीचं जाड झाकण. वर्षाचे गहू मझौलीकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून यायचे आणि त्या कोठीत भरले जायचे. मी प्लास्टिकच्या पिशवीत कॅसेटी बांधून तळाशी पुरून ठेवायचे आणि दुपारी उकरून काढायचे. कोठी आईची होती. दळणाचे गहू रोज तीच काढायची, तिच्या हाताला पिशवी लागल्याशिवाय कशी राहील? ती एकदाच बोलली. "पिशवी नीट बांधजो. सोंडे लागतीन." पुढच्या वेळी मी पिशवी उघडली तर कॅसेटींच्या मधे कडुनिंबाचा पाला घातलेला. गव्हाला घालतात तसा. आजही कुठे कडुनिंब वाळताना वास आला की माझ्या डोक्यात गिटार सुरू होते. त्या वेळी मी एवढाच विचार केला की आई आपल्या बाजूची आहे. कोठी उघडली गेली तर जाब कुणाला विचारला जाईल, हे मनात आलंच नाही. अठरा वर्षांची घोडी होते, पण आलं नाही.

मग टी-शर्टचं खूळ डोक्यात शिरलं. परदेशात म्हणे बँडचे शर्ट मिळतात, अंकलच्या एका मासिकात मी फोटो पाहिला होता. चौघांची खूण म्हणजे बैलाची कवटी, शिंगांना साखळी. तो फोटो घेऊन मी गोहलपूरला गेले. गल्लीबोळांत कारखानेच कारखाने, त्यात रफीक चाचांचं छपाईचं दुकान. ते लग्नाच्या पिशव्या आणि निवडणुकीचे झेंडे छापत. त्यांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवसांनी दोन काळे शर्ट माझ्यासमोर पसरले. कवटी होती, शिंगं होती, साखळी होती, आणि कवटीच्या कपाळावर लालभडक उभा टिळा. माझं तोंड बघून चाचा म्हणाले, "बेटी, नंदी का माथा सूना अच्छा नहीं लगता. तुम लोगों में तो टीका लगता है ना? मैंने अपनी तरफ़ से लगा दिया. उसका पैसा नहीं लूँगा." इतक्या आपुलकीनं म्हणाले की मला भांडताही आलं नाही. टेम्पोत बसून मात्र मी रडले, आणि ते रडणं खरं होतं.

त्याच टिळ्यानं तो शर्ट वाचवला. बाबांना तो दोरीवर दिसला तसा त्यांनी खाली ओढला, आणि त्यांचा हात घड्याळाकडे गेला. आई पोळी लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "भेडाघाटच्या मेळ्यातला नंदी होय तो. पोट्टीनं देवाचं घेतलं काहीतरी एक वेळ." बाबांनी टिळ्यावरून अंगठा फिरवला. "पास," म्हणाले आणि शर्ट दोरीवर परत टाकला. आईनं त्या माणसाशी धडधडीत खोटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पोळी करपली नाही की तिचा हात थांबला नाही. पुढचे सहा महिने मी चौघांची कवटी छातीवर मिरवत त्यांच्या समोरून जात होते, आणि दुसरा शर्ट कोठीत कॅसेटींना गुंडाळलेला होता. इतकी मस्ती मला पुन्हा कधी चढली नाही.

रविवार होता. रविवारी आमच्याकडे मटण, आणि त्याचा मसाला बाबा स्वतः खलबत्त्यात कुटायचे. स्वतः केलेला आवाज त्यांना लागत नसे. रस्सा उकळत होता, आईनं कुणी आलं तर असावेत म्हणून मुगाचे मंगोडे तळले होते, आणि खरोखरच फाटकाशी जीप थांबली. रेंजवरचा एक तरुण कॅप्टन सहीसाठी कागद घेऊन आला होता. बाबांनी त्याला अंगणात खुर्ची दिली. तो मंगोडे खाताना इकडेतिकडे बघत होता, आणि त्याची नजर दोरीवर गेली. "अरे कालमेघजी, आपके घर में इन्हें कौन सुनता है?" आणि तो जो हसत सुटला! होस्टेलमध्ये आमच्या भिंतीवर हेच होते म्हणाला, आमच्या वॉर्डननं सैतानाची पूजा करता म्हणून सगळ्यांना उन्हात उभं केलं होतं म्हणाला. "और ऊपर से टीका! कमाल है." बाबाही हसले. मी दारातून बघत होते, ते त्याच्या बरोबरीनं हसले, मान हलवली, सही केली, फाटकापर्यंत सोडायला गेले. जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत हात वर होता.

आत आले, दाराला कडी घातली, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. आईनं स्टो बंद केला. मी गाल घट्ट केले. पण त्यांनी हात उचलला नाही. कामाची पिशवी उघडली आणि पितळी हातोडी काढली. मग त्या माणसानं घर तपासायला घेतलं. कपाटाला टिचकी, तळवा, पुढे. पलंगाच्या पेटीला टिचकी, तळवा, पुढे. फळीमागची भिंत, देव्हाऱ्याखालचा पाट, तांदळाचा डबा, डाळीचा डबा. मी आणि आई स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून उभ्या. मला त्या हातोडीचा आवाज अजून ऐकू येतो, टिक्, आणि मग तळव्याचा काहीच नाही. मग कोठी. वर टिक्, मधे टिक्. तळाशी आले, एकदा मारली, थांबले. गुडघ्यावर बसले आणि पुन्हा मारली. तळवा पत्र्यावर तसाच ठेवून त्यांनी डोळे मिटले. त्यांना ऐकू कमी येत होतं, पण तो तळवा आयुष्यात चुकला नव्हता. "खाली गहू नाही," ते म्हणाले.

कोठी आडवी केली तेव्हा गहू सगळ्या फरशीवर पसरले, पार दारापर्यंत. काळा शर्ट बाहेर आला, त्यातून कॅसेटी. बाबांनी त्या एका ओळीत मांडल्या, अकरा होत्या, शेजारी तो शर्ट पसरला, टिळा वर करून. इतके महिने आपण काय फोडत होतो ते त्यांना त्या क्षणी कळलं असणार. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. तो रागाचा नव्हता. कुणी भर चौकात धोतर ओढावं तसा तो चेहरा होता, आणि तो मी केला होता.

"कोनं ठेवलं?"

मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण आई आधी बोलली. "मी ठेवलं. कोठी माही हाय."

त्यांनी हातोडी तिच्यापुढे धरली. "मंग तूच फोड."

आई गव्हात बसली. हातोडी तिनं घेतली नाही. "पोरीचं हाय," ती म्हणाली. "तुमचं फोडाचं असन तर तुमी फोडा. मी नाही फोडत." आणि तिनं पहिल्या कॅसेटवर हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. बाबांनी हातोडी मारली. त्यांनी कॅसेटवर मारली की हातावर, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलं आहे. हात तिथे होता आणि त्यांना तो दिसत होता. दोन बोटांचा आवाज झाला, सुकी काटकी मोडावी एवढाच. आई ओरडली नाही. आमच्या घरात ओरडायची सवय नव्हती.

कोठीचं झाकण माझ्या पायाशी पडलं होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या उजव्या कानावर घातलं. पातेलं पडल्यासारखा आवाज झाला. बाबा गव्हावर आडवे झाले, कानातून रक्त गालावर आलं, आणि मला बरं वाटलं. हे वाक्य खोडून टाकावं असं आत्ताही मनात आलं, पण खोडत नाही. मला फार बरं वाटलं. गाणं ऐकताना वाटायचं तसंच, त्याहून जास्त. मी झाकण दुसऱ्यांदा वर उचललं. त्यांनी तोंड झाकून घेतलं होतं, लहान पोरासारखं, आणि तरी मी उचललं. आईनं माझा पाय धरला, मोडलेल्या हातानं. "बस, सुमन. बस झालं आता." तेव्हा कुठे मी थांबले. झाकण खाली ठेवताना माझी नजर मनगटावर गेली. माझं घड्याळ तिथे नव्हतं. ते खिडकीत होतं, बाबांच्या घड्याळाशेजारी. मी ते केव्हा काढून ठेवलं, मला आजतागायत आठवत नाही.

दवाखान्यात आम्ही तिघं एकाच रिक्षातून गेलो. आईचा हात गळ्यात बांधायला काही हाती लागेना, म्हणून मी त्या शर्टाचीच झोळी केली. कवटी नेमकी तिच्या छातीवर आली, टिळ्यासकट. डॉक्टरनं विचारलं, क्या हुआ? आई म्हणाली, "कोठी का ढक्कन गिर गया." त्यानं बाबांना विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. त्यानं जोरात विचारलं, तरी नाही. मग हातवारे करून विचारलं. बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. पोटच्या पोरीनं मारलं हे सांगितलं असतं तर ते खरंच होतं. "ढक्कन," ते म्हणाले. "दोनों पर?" डॉक्टरनं विचारलं. आई म्हणाली, "पहले इन पर गिरा. फिर मुझ पर." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

आईची ती दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. तिच्या भाकरीवर पुढे कायम तीन बोटांचे ठसे असायचे. बाबांचा उजवा कान परतला नाही. नोकरीत त्यांना टेबलावर बसवलं, हातोडी जमा करून घेतली. त्यांनी पुन्हा कुणावर हात उचलला नाही, आणि माझ्याशी ते पुन्हा बोललेही नाहीत. त्या अकरा कॅसेटी आम्ही दवाखान्यातून परतलो तेव्हा फरशीवर तशाच होत्या, एकीला फक्त तडा गेला होता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर बाबा सुपात गहू निवडत बसले होते आणि कॅसेटी टेपच्या शेजारी, सगळ्यांना दिसतील अशा मांडलेल्या होत्या. कुणी मांडल्या ते मी विचारलं नाही.

लोक विचारतात की आता घरात फोडणारं कुणी नाही, मग दोन कशाला? घरात फोडणारी मी आहे. झाकण दुसऱ्यांदा उचलणारे हात माझेच आहेत आणि ते माझ्याबरोबर सासरी आले. नवऱ्याशी भांडताना, मुलगा उलटून बोलला तेव्हा, किती तरी वेळा माझं बोट घड्याळाच्या पट्ट्याशी गेलं आहे. अशा वेळी मी आतल्या खोलीत जाते, कपाटातली दुसरी प्रत काढते आणि टाचेखाली घेते. माझ्या मुलाला मी एकदाही मारलेलं नाही. त्याच्या वाटणीचं कपाटानं खाल्लं आहे.

पण तेव्हा मला हे कुठे समजत होतं? तेव्हा मला एवढंच दिसत होतं की आता घरात मी कितीही मोठ्यानं गाणं लावू शकते. आणि मी लावलं. रोज संध्याकाळी, बाबा कामावरून येऊन चहा घ्यायला बसले की टेप त्यांच्या समोर टेबलावर ठेवायचा, चौघांना लावायचं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि त्यांच्याकडे बघत बसायचं. काचा थरथरायच्या, भांडी लुगड्याच्या तुकड्यांतूनही वाजायची. तिवारी काकींनी एक-दोनदा भिंत ठोकली. बाबा पेपर वाचायचे. मधेच तळवा टेबलावर टेकवायचे आणि लाकडातली थरथर त्यांना कळायची, ते मला दिसायचं. कळू दे, मला तेच हवं होतं. त्यांच्या हाताला कळावं की त्यांनी जे जे फोडलं ते सगळं जिवंत आहे. असे चार-पाच महिने गेले असतील, मी एक दिवस चुकवला नाही.

एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून आली. पीठ लागलेला हात, त्यातली ती दोन वाकडी बोटं. ती माझ्याशेजारी उभी राहिली आणि काहीतरी बोलली, मला गाण्यात ऐकू आलं नाही. तिनं वाकून माझ्या कानाशी तोंड आणलं. तिच्या कपाळाच्या शिरा फुगलेल्या होत्या, डोळे आत गेले होते. इतक्या महिन्यांत मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"त्यायले ऐकू येत नाही, सुमन," ती म्हणाली. "मले येते."

मी आवाज कमी केला. बंद नाही केला.